बालकांचा अंतर्गळ आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया

एकत्र कुटुंबांत लहान मूल आजारी पडलें म्हणजे वैद्यांची वाण पडत नाहीं. आजी लेप सुचविते, काकू पट्टा सुचविते, आजोबा स्वतःच्या शस्त्रक्रियेचा दाखला देतात. आणि ज्यांना रात्रभर तें मूल मांडीवर घेऊन बसावें लागतें ते आईबाप मात्र सर्वांच्या तोंडाकडे पाहात गप्प राहतात. वडीलधाऱ्यांच्या अनुभवाचा आम्ही अनादर करीत नाहीं. आम्ही स्वतः त्याच वयाचे आहों. परंतु कांहीं विकार असे आहेत कीं, त्यांत मागील पिढीचा अनुभव उपयोगी पडण्याऐवजीं आडवा येतो. लहान मुलांचा अंतर्गळ, ज्याला आतां सर्वत्र हर्निया म्हणतात, हा त्यांपैकीं एक होय.

पेण आणि रोहा या दोन्ही गांवांतील परिचित घरांतून या विषयासंबंधीं आमच्याकडे नुकतीच पृच्छा झाली. एका घरीं मुलगा चौदा महिन्यांचा, दुसऱ्या घरीं तीन वर्षांचा. रडला, खोकला किंवा शौचास जोर केला कीं जांघेंत बोराएवढी गांठ दिसते, आणि निजला कीं ती नाहींशी होते. दोन्ही घरांतील वादहि एकच. एक पक्ष म्हणतो, "मूल वाढेल तसें छिद्र बुजेल, निदान मुंज होईपर्यंत थांबावें." दुसरा पक्ष म्हणतो, "करावयाचीच तर मुंबईस नेऊन दुर्बिणीनेंच शस्त्रक्रिया करावी, नाहीं तर करूंच नये." आमच्या मतें यांतील पहिलें म्हणणें चुकीचें आहे, व दुसरें अर्धेंच बरोबर आहे. कसें तें क्रमानें सांगतों.

प्रथम हा विकार काय आहे तें पाहूं. खारेपाटांतील व कुंडलिकेच्या खाडीकांठच्या वाचकांस खारबांधाची उघाडी ठाऊक आहे. शेतांतील पाणी बाहेर जावें, परंतु भरतीचें खारें पाणी आंत येऊं नये, म्हणून बांधांत ठेवलेलें तें दार. काम होतांच दार मिटलें पाहिजे. उघडें राहिलें तर प्रत्येक भरतीला पाणी शिरणार. आपल्या शरीरांतहि अशी एक वाट असते. गर्भावस्थेंत मुलग्याचीं वृषणें प्रथम पोटांत, मूत्रपिंडांच्या जवळ, असतात. सुमारें सातव्या महिन्यापासून तीं जांघेच्या मार्गानें खालीं अंडकोशांत उतरतात, आणि उतरतांना उदराच्या आंतील पातळ अस्तराची बोटासारखी एक पिशवी त्यांच्याबरोबर खालीं येते. उतरणें संपलें कीं ही वाट बुजावी असा सृष्टिक्रम आहे, आणि बहुतेक मुलांत ती जन्माच्या सुमारास किंवा पुढील कांहीं महिन्यांत बुजतेहि. ज्यांच्यांत ती रुंद व उघडी राहते त्यांच्या पोटांतील आंतडें, पोटावर ताण पडला कीं, त्या वाटेनें जांघेंत उतरतें. हाच अंतर्गळ. पूर्ण दिवसांच्या मुलांत याचें प्रमाण शेंकडा एक ते पांच धरतात. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत तें पुष्कळ अधिक असतें. उजवें वृषण डाव्याच्या मागून उतरतें, म्हणून उजव्या बाजूचे अंतर्गळ अधिक. मुलग्यांत हा विकार मुलींच्या कित्येक पटींनीं अधिक आढळतो, परंतु मुलींना तो होत नाहीं असें मात्र नाहीं. त्यांच्यांत त्या वाटेंत कधीं कधीं बीजकोश येऊन बसतो.

या ठिकाणीं सासूबाईंस व वन्संस एक विनंति. "पोराला रडूं दिलें म्हणून गांठ आली," असा ठपका सुनेवर ठेवण्याची चाल कित्येक घरांत आहे. रडण्यानें गांठ दिसते, उत्पन्न होत नाहीं. दार जन्मापूर्वींच उघडें राहिलेलें असतें; रडणें हें केवळ तें दाखवून देतें. तेव्हां आईनें मुलाला किती वेळ कडेवर घेतलें, बाळंतपणांत काय खाल्लें, याचा हिशेब मांडण्याचें कारण नाहीं.

आतां थांबण्याची गोष्ट. वडील मंडळी थांबा म्हणतात त्याला एक समजण्यासारखें कारण आहे. मुलांत दिसणारे दोन विकार खरोखरच थांबल्यानें बरे होतात. बेंबीचा अंतर्गळ, म्हणजे रडतांना फुगणारी बेंबी, ही बहुधा चौथ्या-पांचव्या वर्षापर्यंत आपोआप बसते. तिच्यावर पैसा ठेवून पट्टी बांधण्याची जुनी रीत होती, आणि बेंबी बरी झाली कीं यश पैशाला मिळे. दुसरा विकार अंडकोशांत पाणी सांठण्याचा; तोहि तान्ह्या मुलांत पुष्कळदां वर्ष-दीड वर्षांत ओसरतो. हे दोन पाहिलेल्या आजीला तिसराहि तसाच वाटला तर नवल नाहीं. परंतु जांघेचा अंतर्गळ या दोहोंसारखा नाहीं. एकदां त्या वाटेनें आंतडें उतरूं लागलें कीं ती वाट आपोआप बुजेल या भरंवशावर राहतां येत नाहीं. पट्टा बांधून ती बुजत नाहीं, लेपानें बुजत नाहीं. उलट पट्ट्याखालीं आंतडें दाबलें जाण्याची भीति असते.

आणि थांबण्याला किंमत आहे. उतरलेलें आंतडें अरुंद वाटेंत अडकलें तर परत जात नाहीं. मग तें सुजतें, त्याचा रक्तप्रवाह तुटूं लागतो, आणि तासांच्या हिशेबानें आंतडें मरण्याची वेळ येते. त्याच दाबानें मुलग्याच्या वृषणासहि इजा होते. हा धोका वय जितकें लहान तितका अधिक, आणि पहिल्या वर्षांत सर्वांत अधिक. म्हणजे "मूल फार लहान आहे, मोठें होऊं द्या," या म्हणण्यांत युक्तिवाद नेमका उलटा झाला आहे. कॅनडांतील शस्त्रवैद्यांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत दोन वर्षांखालील एक हजारांहून अधिक मुलांची नोंद तपासली. निदान झाल्यावर चौदा दिवसांहून अधिक थांबलेल्यांत आंतडें अडकण्याचें प्रमाण त्याआधीं शस्त्रक्रिया झालेल्यांच्या जवळजवळ दुप्पट आढळलें. मुंज आठव्या वर्षीं! चौदा दिवस कोठें आणि आठ वर्षें कोठें?

आंतडें अडकल्याचीं लक्षणें प्रत्येक घरांत ठाऊक असावींत. गांठ कठीण होते व दाबून आंत जात नाहीं; मूल एकसारखें, समजूत न पटणारें, रडतें; दूध टाकतें, ओकतें; पोट फुगतें; गांठीवरील कातडी लाल किंवा काळसर होते. अशा वेळीं शेक नको, तेल नको, एरंडेल तर नकोच, आणि घरच्या कोणीं दाबून पाहणेंहि नको. मुलाला कांहींहि न पाजतां तडक रुग्णालय गांठावें, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत. पुष्कळदां अनुभवी डॉक्टर वेदना शमवून, हलक्या हातानें, आंतडें परत बसवितात, व एक-दोन दिवसांनीं शस्त्रक्रिया करतात. तें बसलें नाहीं तर त्याच वेळीं करावी लागते.

आमचा व्यासंग संस्कृताचा असल्यामुळें आमच्या पूर्वजांनीं या विकारासंबंधीं काय म्हटलें आहे तें सांगण्याचा मोह आवरत नाहीं. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत वृद्धीचे सात प्रकार सांगितले असून त्यांत अंत्रवृद्धि हा एक आहे. सूज हातानें दाबली असतां शब्द करीत वर जाते व सोडली कीं पुन्हां फुगते, हें तेथील निरीक्षण आजच्या कोणत्याहि शस्त्रवैद्यास मान्य होईल. कारणें मात्र ओझें उचलणें, बलवानाशीं झुंजणें, झाडावरून पडणें अशीं दिलीं आहेत. तीं प्रौढांचीं होत. चौदा महिन्यांच्या मुलानें कोणतें ओझें उचललें? चिकित्सास्थानांत उपाय सांगितला आहे तो असा कीं, आंतडें अंडकोशांत पोंचण्यापूर्वींच जांघेंत अर्धचंद्राच्या आकाराच्या शलाकेनें डाग देऊन मार्ग रोंखावा. पोंचल्यावर तो रोगी वर्ज्य समजावा. विरुद्ध बाजूस कानाजवळ शीर टोंचण्याचाहि एक उपाय तेथें आहे. हा आधार घेऊन कोणी मुलाचा कान टोंचून स्वस्थ बसेल तर तो ग्रंथाचें अक्षर धरून त्याचा आशय सोडील. आशय दोन शब्दांत सांगतां येतो: मार्ग रोंखावा, आणि वेळेंत रोंखावा. सुश्रुताच्या हातीं भूल नव्हती, निर्जंतुक धागा नव्हता. आज तीं दोन्ही साधनें आहेत, आणि ज्या रोग्याला त्याला वर्ज्य म्हणावें लागलें तो आज बहुधा संध्याकाळीं घरीं जातो.

आजच्या शस्त्रक्रियेचें तत्त्वहि मार्ग रोंखणें हेंच आहे. येथें आजोबांच्या दाखल्याचा निकाल लावूं. प्रौढांच्या अंतर्गळांत पोटाची भिंत सैल झालेली असते. म्हणून ती बळकट करावी लागते. इटलींतील पादुआ येथील बास्सीनी या शस्त्रवैद्यानें १८८७ च्या सुमारास भिंत शिवून घेण्याची रीत प्रचारांत आणली, आणि आतां त्या जागीं जाळी बसवितात. लहान मुलांत भिंत उत्तम असते. दोष केवळ न बुजलेल्या वाटेचा. म्हणून त्यांच्यांत जाळी लागत नाहीं. ती पिशवी मुळापाशीं बांधून टाकली कीं काम संपलें. आजोबांना महिनाभर जिना चढूं दिला नव्हता, म्हणून नातवालाहि तसेंच होईल, हें अनुमान टिकत नाहीं.

ही वाट बांधण्याच्या रीती दोन. जुन्या रीतींत जांघेच्या घडींत सुमारें दीड-दोन सेंटिमीटरांचा छेद घेतात, पिशवी शोधून काढतात, वृषणाच्या रक्तवाहिन्या व शुक्रवाहिनी हळूच बाजूस करतात, आणि पिशवी वरच्या टोंकाशीं बांधतात. छेद कातडीच्या घडींतच लपतो. ही रीत अनेक पिढ्यांच्या कसोटीस उतरलेली असून आजहि असंख्य मुलांवर याच रीतीनें उत्तम शस्त्रक्रिया होतात.

नवी रीत दुर्बिणीची. हिचा आपल्या देशांतील इतिहास मुंबईशीं निगडित आहे. जे. जे. रुग्णालयांतील डॉ. तेहमतन उदवाडिया यांनीं १९७२ पासून पोटांत दुर्बीण घालून निदान करण्याचा परिपाठ सुरू केला, आणि १९९० सालीं त्याच रुग्णालयांत भारतांतील पहिली दुर्बिणीची पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली. गरिबाला लौकर कामावर परतण्याची गरज श्रीमंताहून अधिक असते, म्हणून ही शस्त्रक्रिया चैनीची नव्हे, असा त्यांचा आग्रह असे. पद्मभूषण हा किताब त्यांना २०१७ सालीं मिळाला. २०२३ च्या जानेवारींत ते निवर्तले. १९९० नंतरच्या दशकांत यूरोपांत व जपानांत लहान मुलांच्या अंतर्गळासाठीं हें तंत्र वापरूं लागले, आणि आपल्याकडेहि मोठ्या शहरांतील बालशस्त्रवैद्यांनीं तें उचललें.

कृति अशी. भूल दिल्यावर बेंबींतून बारीक छिद्र करून थोडा कर्बवायु पोटांत भरतात, म्हणजे पोटाची भिंत तंबूसारखी उचलली जाते. त्याच छिद्रांतून बोरूहूनहि बारीक अशी दुर्बीण आंत जाते व आंतील दृश्य समोरच्या पडद्यावर मोठें होऊन दिसतें. मग सुमारें तीन मिलिमीटर जाडीचीं एक-दोन हत्यारें निराळ्या छिद्रांतून घालून, वाटेचें तोंड आंतल्या बाजूनें टांक्यानें बंद करतात. पोलंडांतील पात्कोव्स्की यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या रीतींत तर दुर्बिणीच्या देखरेखीखालीं बाहेरून एक सुई घालून तोंडाभोंवतीं धागा फिरवितात व गांठ कातडीखालीं बसवितात. म्हणजे जुनी रीत उघाडीकडे शेताच्या बाजूनें खणत येते, आणि नवी रीत खाडीच्या बाजूनें येऊन दार ओढून घेते.

मग श्रेष्ठ कोणती? येथें आमचा त्या दुसऱ्या पक्षाशीं मतभेद आहे. दुर्बिणीचा मोठा गुण असा कीं, एका दृष्टिक्षेपांत दुसऱ्या बाजूची वाट उघडी आहे कीं मिटलेली हें दिसतें, आणि दोन्हीकडे अंतर्गळ असेल तर त्याच छिद्रांतून दोन्ही वाटा बंद करतां येतात. शुक्रवाहिनी न हलवितां काम होतें. मुलींत, आणि जुन्या रीतीनंतर अंतर्गळ पुन्हां उद्भवला असतां, ती विशेष सोयीची पडते. परंतु तिला पूर्ण भूल व श्वासनलिका लागते, यंत्रसामग्री लागते, आणि मुख्य म्हणजे सरावलेला हात लागतो. एकाच बाजूचा साधा अंतर्गळ असेल तर दोन्ही रीतींचें फळ जवळजवळ सारखें आहे. निष्णात हातीं पुनरुद्भवाचें प्रमाण कोणत्याहि रीतीनें शेंकडा एक-दोनांच्या आसपास राहतें. दुसऱ्या बाजूची वाट दुर्बिणींतून उघडी दिसली म्हणून तेथें अंतर्गळ होईलच असेंहि नाहीं. एका बाजूच्या शस्त्रक्रियेनंतर दुसरीकडे पुढें तो होण्याचें प्रमाण शेंकडा सहा-सातच आढळतें. म्हणून ती वाटहि बंद करावी कीं नाहीं याविषयीं तज्ज्ञांतहि दोन मतें आहेत, आणि तो प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वींच डॉक्टरांस विचारून ठेवावा. सारांश, "कोणत्या यंत्रानें?" हा प्रश्न दुय्यम, "लहान मुलांच्या अशा शस्त्रक्रिया आपण नित्य करतां काय, आणि मुलांना भूल देण्याचा सराव असलेले भूलतज्ज्ञ आपल्यापाशीं आहेत काय?" हा प्रश्न मुख्य. दुर्बिणीच्या प्रतीक्षेंत महिने घालविणाऱ्या घरापेक्षां जवळच्या निष्णात डॉक्टरांकडून साधी शस्त्रक्रिया वेळेवर करून घेणारें घर शहाणें.

भुलेची भीति मात्र खरी आहे, आणि तिला हसून चालणार नाहीं. तान्ह्या मुलाच्या मेंदूवर भुलेचा परिणाम होईल काय, ही शंका शास्त्रज्ञांनाहि होती. म्हणून सात देशांतील २८ रुग्णालयांतून ७२२ तान्हीं मुलें घेऊन तिचा कस लावण्यांत आला, आणि विशेष हें कीं, तीं सर्व मुलें जांघेच्या अंतर्गळाच्याच शस्त्रक्रियेचीं होतीं. कांहींना पूर्ण भूल दिली, कांहींना जागें ठेवून केवळ कमरेखालचा भाग बधिर केला. तीं पांच वर्षांचीं झाल्यावर त्यांची बुद्धि तपासली. दोन्ही गटांत फरक आढळला नाहीं. हा निष्कर्ष २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. एक तासाहून कमी अवधीची एकच भूल निरोगी बालकाच्या बुद्धीस बाधत नाहीं, एवढें यावरून खात्रीनें म्हणतां येतें. अपुऱ्या दिवसांच्या मुलांची गोष्ट निराळी. त्यांच्यांत भुलेनंतर श्वास मध्येंच थांबण्याचें भय असतें. आणि अमेरिकेंतील २०२४ च्या एका प्रयोगांत अशा मुलांची शस्त्रक्रिया रुग्णालयांतून घरीं जाण्यापूर्वीं केली असतां शेंकडा २८ जणांत, व कांहीं महिने थांबून केली असतां शेंकडा १८ जणांत गंभीर उपद्रव दिसले. तेव्हां थांबावयाचें असेलच तर तें कोणीं, किती व कोणाच्या देखरेखीखालीं, हें ठरविण्याचा अधिकार बालरोगतज्ज्ञाचा आहे, पंचांगाचा नव्हे.

आतां कांहीं व्यवहाराच्या सूचना. डॉक्टरांपुढें नेलें कीं गांठ नेमकी नाहींशी होते आणि मूल हसूं लागतें, हा सर्वांचा अनुभव. म्हणून घरीं गांठ दिसेल तेव्हां फोनवर तिचें छायाचित्र घेऊन ठेवावें. निदानास त्याचा मोठा उपयोग होतो. प्रथम आपल्या नेहमींच्या बालरोगतज्ज्ञाकडे किंवा रोह्यास व पेणेस असलेल्या उपजिल्हा रुग्णालयांत दाखवावें. तेथून अलिबागचें जिल्हा रुग्णालय, आणि जरूर पडल्यास मुंबईचें परळ येथील १९२९ सालीं स्थापन झालेलें वाडिया बालरुग्णालय, असा मार्ग आहे. शाळा-अंगणवाड्यांतून मुलें तपासणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ सालीं आपल्याच राज्यांत पालघर येथें सुरू झाला. त्या पथकाच्या डॉक्टरांसहि विचारावें. खर्चाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र योजनेंतील रुग्णालयांत बसतात. आपलें काम तींत बसतें कीं नाहीं तें त्यांच्याकडून समजून घेण्यांत कमीपणा मानूं नये.

शस्त्रक्रियेच्या दिवशीं उपवासाचा नियम अक्षरशः पाळावा. साधारणतः अन्न व वरचें दूध सहा तास आधीं, आईचें दूध चार तास आधीं बंद करतात. पाण्याविषयीं भूलतज्ज्ञ सांगतील तसें. एकत्र कुटुंबांत धोका येथेंच असतो. आई नियम पाळते, आणि पहांटे देवघरापाशीं कोणी तरी मायेनें पोराच्या तोंडांत पेढा घालतें. भुलेखालीं तोच पेढा उलटून श्वासनलिकेंत जाऊं शकतो. मायेनें घातलेला तो घांस घातक ठरूं शकतो, हें आदल्या रात्रींच घरांतील सर्वांस, विशेषतः आजोबांस, बजावून ठेवावें.

पुढचें सारें सोपें आहे. अन्यथा निरोगी मुलास बहुधा त्याच दिवशीं किंवा दुसऱ्या दिवशीं घरीं सोडतात. दोन-तीन दिवस वेदनाशामक औषध पुरतें. मूल स्वतःच आठवड्याच्या आंत धांवूं लागतें, त्याला बळेंच निजवून ठेवण्याचें कारण नाहीं. अंडकोशावर थोडी सूज कांहीं दिवस राहते. ताप आला, जखम लाल झाली किंवा गांठ पुन्हां दिसली तर मात्र परत दाखवावें.

आपल्या घरांत मुहूर्ताचें महत्त्व आम्ही जाणतों. या विकारांत मुहूर्त ठरविणारे दोघे असतात: एक आपण, दुसरा रोग. आपण ठरविला तर तो सकाळचा, मूल निरोगी, भूलतज्ज्ञ हजर, आईबाप सावध, असा असतो. रोगानें ठरविला तर तो श्रावणांतील मध्यरात्रीचा, रस्त्यावर पाणी, वाहन मिळत नाहीं आणि मूल हिरवें ओकतें आहे, असाहि असूं शकतो. ज्या दोन घरांतून आम्हांस विचारणा झाली त्यांतील चौदा महिन्यांच्या मुलाची तारीख ठरली आहे. तीन वर्षांच्या मुलाच्या घरीं विचार अद्याप चालू आहे. तेथील आजोबा आमच्या लेखांचे नियमित वाचक आहेत, असें समजतें; म्हणूनच हा विषय या महिन्यांत घेतला.